ठणठणीत माणसासाठी मदतीचं आवाहन

अनुस्वाररावांना डेंग्यू झालेला नव्हता. हे अगदी सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे हे कोणालाही पटवून देणं फार जड जाणार आहे. खुद्द अनुस्वाररावांनासुद्धा मधे एक दिवस असा आला होता, की आपल्या अंगात बारीक कणकण आहे अशी शंका त्यांना येऊन गेली.

अनुस्वारराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ते सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासत होते, म्हणजे छापण्याआधीच्या मजकुरातल्या चुका काढत होते. त्यामुळे त्यांची नजर अशी तयार झाली होती की दुकानाच्या पाटीवर त्यांना आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसायचं, मग दुकान. वसाहतीच्या फलकावर ‘उद्या पाणि येणार नाही’ अशी सूचना लागली, की ते खिशातली लाल पेन्सिल काढून ‘णि’चा ‘णी’ करायचे आणि समाधानाने वर यायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्या वसाहतीत फक्त त्यांच्याच घरी पाणी भरलेलं नसायचं.

तर मागच्या वर्षी वसाहतीत अकरा जणांना डेंग्यू झाला. त्या अकरांत अनुस्वाररावांची बायको होती. नऊ दिवस ती दवाखान्यात होती आणि नऊ दिवस अनुस्वारराव तिच्या खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून सलाइनच्या बाटलीवरचा मजकूर वाचत होते. त्या मजकुरात त्यांना दोन चुका सापडल्या, आणि त्यांनी त्या कोणालाही सांगितल्या नाहीत. यावरून त्यांच्या मनाची काय अवस्था झाली होती ते ओळखावं.

बायको बरी होऊन घरी आल्यावर त्यांनी चारही इमारतींच्या गच्च्या पालथ्या घातल्या. पाण्याच्या टाक्या अठ्ठावीस. त्यांतल्या एकोणीस टाक्यांना झाकण नाही. काही झाकणं वाऱ्याने उडालेली, काही फुटलेली, आणि एक तिसऱ्या इमारतीतल्या कोणीतरी चक्क कुंड्या ठेवायला नेलेलं. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं हे त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर नऊ दिवस वाचलं होतं. वसाहतीने त्याच्यासाठी एकोणीस प्रसूतिगृहं उघडून ठेवली होती.

हे सगळं त्यांनी वसाहतीच्या बैठकीत मांडलं. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि कुठल्याही अर्जाकडे तो नाकारायचाच आहे अशा नजरेने बघायची त्यांची सवय गेली नव्हती.

“निधी नाही,” ते म्हणाले. “होता तो फाटकाच्या रंगात गेला.”

“पण फाटकाला डेंग्यू होत नाही,” अनुस्वारराव म्हणाले.

“मग तुम्हीच करा की गोळा,” तळमजल्यावरचे विमावाले मागून म्हणाले. “आजकाल लोक मोबाइलवर लाखांनी जमवतात. तुम्ही काय, एवढे शब्दांत मुरलेले.”

बैठकीत खसखस पिकली. ती नसती पिकली तर पुढचं काहीच घडलं नसतं. अनुस्वाररावांचा स्वभाव तसा सोशिक होता, पण हसण्याचा आवाज आला की त्यांचा ताबा सुटायचा.

“करतो,” ते म्हणाले. “महिन्याभरात करून दाखवतो.”

शेजारी बसलेल्या बायकोने त्यांच्याकडे, ते हातात हातोडी घेऊन भिंतीकडे निघाले की बघायची, तसं बघितलं.

अनुस्वाररावांनी समाजमाध्यमावर आजवर एकदाच काही लिहिलं होतं. कोणीतरी टाकलेल्या ‘सूप्रभात’मधला ‘सू’ त्यांनी ऱ्हस्व करून दिला होता. पण आता त्यांनी रविवार अख्खा घालवून आवाहन लिहून काढलं. चौदाशे शब्द. प्रस्तावना, डासाचं जीवनचक्र, टाक्यांची इमारतवार यादी, अपेक्षित खर्च आणि समारोप. एक तळटीपही होती. बायकोला त्यांनी ते वाचून दाखवलं. अळीची कोषावस्था येईपर्यंत ती जागी होती.

तीन दिवसांत आवाहनाला चार अंगठे मिळाले. त्यांतला एक त्यांचाच होता, चुकून दाबला गेलेला. खाली दोनच अभिप्राय आले. एकात नुसती फुलांची परडी होती. दुसरा छापखान्यातल्या त्यांच्या हाताखालच्या सहकाऱ्याचा. त्याने लिहिलं होतं, ‘सर, सातव्या परिच्छेदात ‘परिक्षण’ झालंय, ‘परीक्षण’ हवं.’ अनुस्वाररावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पैसे आले नाहीत. सल्ले मात्र भरभरून आले. विमावाले जिन्यात गाठून म्हणाले, “अहो, लोक आजाराला पैसे देतात. आजार न होण्याला कोण देतं? मी तीस वर्षं तेच विकतोय, मला विचारा.” पहिल्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंचं म्हणणं वेगळं होतं. “माणसाचं तोंड दिसलं पाहिजे हो. टाकीकडे बघून कोणाला कधी रडू आलंय?” दुधाच्या दुकानातल्या माणसाने टाकी विकून टाकण्याचा सल्ला दिला. त्याने बहुधा नीट ऐकलं नव्हतं.

शेवटी बायकोचा धाकटा भाऊ आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे मोबाइलमधल्या यच्चयावत गोष्टी आपल्याला कळतात असं तो आणि त्याची बहीण दोघंही धरून चालत. त्याने चौदाशे शब्द अंगठ्याने सर्रकन वर सारले.

“भावजी, हे निबंधस्पर्धेला ठेवा. पैशाला वेगळी जागा असते.”

ती वेगळी जागा म्हणजे लोकांकडून मदत गोळा करून देणारं एक संकेतस्थळ होतं. तिथे आधी प्रकार निवडायचा होता: शिक्षण, प्राणी, वैद्यकीय, इतर.

“इतर,” अनुस्वारराव म्हणाले.

“इतरला कोण देतं? वैद्यकीय टाका. डेंग्यू वैद्यकीयच आहे ना?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. मग शीर्षक. अनुस्वाररावांनी सुचवलं: ‘आपल्या वसाहतीतील पाण्याच्या टाक्यांना झाकणे बसवून डेंग्यूच्या संभाव्य प्रादुर्भावास प्रतिबंध करण्यासाठी नम्र आवाहन’. संकेतस्थळाने ते ‘टाक्यां’पाशीच तोडलं. मेहुण्याने सगळं पुसून टाकलं आणि टकटक करून लिहिलं: ‘यांना डेंग्यूपासून वाचवा!’

“यांना म्हणजे कोणाला?”

“वसाहतीतल्या लोकांना. खाली तुमचा मजकूर आहेच की.”

अनुस्वाररावांनी चष्मा सारखा केला आणि शीर्षक तपासलं. ‘डेंग्यू’वर अनुस्वार आहे, ‘ग्यू’ दीर्घ आहे, ‘पासून’ जोडून लिहिलंय, उद्गारचिन्हाआधी नको ती जागा सुटलेली नाही. एकही चूक नव्हती. त्यांनी मंजुरी दिली. अर्थ तपासणं हे संपादकाचं काम असतं, मुद्रितशोधकाचं नव्हे, असं ते पुढे कित्येक दिवस सांगत होते.

उरला फोटो. त्यासाठी दोघं गच्चीवर गेले. उतरणाऱ्या पाइपांना बांधायच्या बारीक जाळीचा एक तागा आणला होता आणि टाकीच्या झाकणाचा एक नमुना होता. तो अनुस्वाररावांनी चार मजले स्वतः चढवला, कारण मेहुण्याला मोबाइल धरायचा होता. वर पोचेपर्यंत त्यांचा सदरा घामाने चिंब झाला, म्हणून तो काढून ते बनियनवर टाकीला टेकून बसले. जाळी दिसावी म्हणून मेहुण्याने ती त्यांच्या डोक्यावरून सोडली. ऊन डोळ्यांत येत होतं म्हणून त्यांनी डोळे अर्धवट मिटून कपाळावर हात घेतला.

“असेच राहा,” मेहुणा म्हणाला. “एकदम मनाला भिडतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता त्यांनी बघितलं, तर पैसे आले होते. चहा होईस्तोवर आणखी आले. अनुस्वाररावांचा ब्रश तोंडातच राहिला.

“बघ,” ते बायकोला म्हणाले, “मजकुरात ताकद असली की वाचक मिळतोच.”

खाली लोकांचे संदेश होते. ‘खंबीर राहा.’ ‘तुम्ही हे युद्ध जिंकणारच.’ ‘तुमच्या हिमतीला सलाम.’ एका साध्या वसाहतीच्या कामाबद्दल समाजाला इतकी कळकळ असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांना भरून आलं आणि भरल्या मनाने ते उत्तरं लिहायला बसले. ‘तुमच्यासारख्यांच्या बळावरच झुंजतो आहे.’ ‘लढा अवघड आहे, पण मी मागे हटणार नाही.’ एका बाईंनी विचारलं होतं, ‘किती दिवस झाले?’ त्यावर त्यांनी लिहिलं, ‘तसं मागच्या वर्षापासून चालू आहे, पण खरा जोर गेल्या आठवड्यात आला.’ कोणी एकाने ‘घरचे काळजी घेतात ना?’ असं विचारलं. मेहुणा सोडला तर बाकी कोणाची फारशी मदत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं.

हे उत्तर वाचून आणखी पैसे आले.

साडेदहाला ते छापखान्यात पोचले, तर त्यांच्या खुर्चीवर तो ‘परीक्षण’वाला सहकारी बसलेला. त्यांना बघून तो ताडकन उठला. बांधणी विभागातल्या दोघांनी येऊन त्यांना दोन्ही दंडांना धरलं आणि अलगद बाकावर बसवलं. व्यवस्थापक आतून धावत आले.

“तुम्ही आलात कसे?”

“बसने,” अनुस्वारराव म्हणाले.

“बसने! या अवस्थेत!” व्यवस्थापकांनी आजूबाजूला बघितलं. “याला म्हणतात निष्ठा. तुम्ही जागेची अजिबात काळजी करू नका, तुमचं काम आम्ही वाटून घेतलंय. खरं म्हणजे काल संध्याकाळीच वाटून घेतलं.”

सत्तावीस वर्षांत आपल्याशिवाय छापखाना एक दिवस चालणार नाही अशी अनुस्वाररावांची पक्की समजूत होती. तो त्यांच्याशिवाय काल संध्याकाळपासून चालला होता आणि कोणाचं काही अडलेलं दिसत नव्हतं.

“पण मला झालंय काय?” त्यांनी विचारलं.

मग व्यवस्थापकांनी हळूच आपला मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक खंगलेला, घामेजलेला माणूस बनियनवर मच्छरदाणीत पडला होता. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर हात. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘यांना डेंग्यूपासून वाचवा!’

अनुस्वारराव बराच वेळ बघत राहिले. वाईट म्हणजे त्या माणसाची त्यांना स्वतःलाच दया आली.

“हा मी नाही,” ते म्हणाले. “म्हणजे मीच आहे, पण मला काही झालेलं नाही. खाली सगळं लिहिलंय. झाकणांचं, डासांचं. खाली वाचा की!”

“खाली कोण वाचतं?” व्यवस्थापक समजुतीने म्हणाले आणि त्यांनी रिक्षा बोलावली.

घरी पोचले तर दाराबाहेर चपलांचा खच. बायकोची मोठी बहीण आठ दिवसांची पिशवी भरून आली होती आणि जिन्यापासूनच रडत होती. शाळेतले दोन मित्र आले होते, ज्यांना ते चाळीस वर्षांत भेटले नव्हते. त्यांतल्या एकाशी तर त्यांचं भांडण होतं. तो गळ्यात पडून म्हणाला, “झालं गेलं विसर, मी माफ केलं तुला.” खरं म्हणजे चूक त्याची होती. कोणी शेळीचं दूध आणलं होतं, कोणी कडू पाल्याचा हिरवा रस. आणि डेंग्यूला किवी चांगली असं कोणीतरी ठरवल्यामुळे टेबलावर किवीच किवी होत्या. मेहुणीने त्या मोजल्या. सत्तेचाळीस भरल्या.

“मी ठणठणीत आहे!” अनुस्वारराव खुर्चीवर चढून म्हणाले.

“बडबडतायत,” मोठी मेहुणी हुंदका देऊन म्हणाली. “ताप डोक्यात गेलाय.”

त्यांना खाली उतरवून पाल्याचा रस पाजण्यात आला. त्यानंतर त्यांना खरोखरच बरं वाटेनासं झालं. कणकण वाटल्याचा जो दिवस वर सांगितला, तो हाच.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ती दिवसभर चहाचे कप विसळत होती.

“मागच्या वर्षी मी नऊ दिवस पडून होते,” ती म्हणाली. “तेव्हा तीन माणसं आली होती बघायला. त्यातला एक चुकून आपल्या खोलीत शिरला होता. आणि तुम्ही धडधाकट आहात, तर आज बावन्न.”

अनुस्वाररावांनी मुकाट्याने एक किवी सोलून तिच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शीर्षक दुरुस्त करायला घेतलं. पण एकदा पैसे जमा झाले की शीर्षक बदलता येत नाही असा तिथला नियम होता. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलत होती.

“रुग्णाची कागदपत्रं जोडा, सर.”

“रुग्ण नाहीये.”

“अरेरे. कधी गेले?”

“गेले नाहीत! मी बोलतोय!”

“म्हणजे रुग्ण बरे झाले. मग दवाखान्यातून सोडल्याचा कागद जोडा.”

“मी दाखलच झालो नव्हतो. मी आजारीच पडलो नव्हतो.”

“सर, माझ्याकडे तीनच पर्याय आहेत. उपचार चालू, बरे झाले, निधन. ‘आजारीच नव्हते’ असा पर्याय नाही.” मग तिला दया आली असावी. “तुम्ही असं करा, डॉक्टरांचा दाखला आणा. आजार नाही म्हणून. मी वर पाठवून बघते.”

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, “आजार आहे असा दाखला मी उभ्या उभ्या देतो, रोज देतो. नाही असा द्यायचा तर रक्त तपासावं लागेल.” रक्त तपासणाऱ्याने त्यांना ओळखलं, हात जोडले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. “तुमच्याकडून घेऊ? काल मीच पाठवलेत तुम्हाला.” अनुस्वाररावांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, सुई काढली, आणि मग जरा जोरातच टोचली.

अहवाल यायला तीन दिवस लागणार होते. तेवढ्यात हवा फिरली. बाजारात ते वांगी निवडत असताना कोणीतरी त्यांचा फोटो काढला आणि जुन्या फोटोशेजारी टाकला. खाली ओळ: ‘कालचा रुग्ण, आजचं गिऱ्हाईक.’ मग काय विचारता! काल ज्यांनी ‘खंबीर राहा’ लिहिलं होतं त्यांनीच आज ‘लाज वाटू द्या’ लिहिलं. त्यांनी स्वतः दिलेली उत्तरं कोणीतरी शोधून काढून ओळीने मांडली. ‘तुमच्यासारख्यांच्या बळावरच झुंजतो आहे.’ वाचताना त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यात कुठेही खोटं नव्हतं आणि प्रत्येक वाक्य खोटं होतं. शाळेतल्या मित्राने माफी मागे घेतली. मोठी मेहुणी पिशवी उचलून निघाली, आणि जाताना शेळीचं दूधही घेऊन गेली.

अध्यक्षांनी फलकावर नोटीस लावली: ‘अजाराचे सोंग करून वसाहतीचे नाव खराब करणाऱ्या सभासदाने खुलासा करावा.’ अनुस्वारराव त्या ‘अजारा’समोर उभे राहिले. त्यांचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

घरी येऊन त्यांनी खुलासा लिहायला घेतला. सहा पानं झाली. दुर्बुद्धीने नव्हे, सद्बुद्धीने घडलेल्या एका प्रमादाची मीमांसा, असा सूर होता. बायकोने पहिलं पान वाचलं आणि सगळी बाजूला ठेवली.

“चार ओळी लिहा,” ती म्हणाली. “मला कळतील अशा.”

चार ओळी लिहायला त्यांना दोन तास लागले. ‘मला डेंग्यू नाही, कधी नव्हता. मागच्या वर्षी माझ्या बायकोला झाला होता आणि मी फार घाबरलो होतो. तो पुन्हा कोणाला होऊ नये म्हणून एकोणीस टाक्यांना झाकणं बसवायची आहेत. चूक माझी आहे, ज्यांना पैसे परत हवे आहेत त्यांनी कळवावं, एकेकाचे परत करीन.’

बायकोने कागद हातात घेतला. दुसऱ्या ओळीवर ती थांबली.

“घाबरला होतात?”

“थोडा.”

“मला तर म्हणत होतात, हे डॉक्टर लोक उगाच बाऊ करतात म्हणून.”

“मग काय सांगायचं होतं तुला?”

“‘फार’ खोडू नका,” ती म्हणाली आणि भाजी बघायला आत गेली.

त्या चार ओळी अनुस्वाररावांनी पैसे पाठवणाऱ्या दोनशे तेरा जणांना एकेक करून पाठवल्या. दोन्ही अंगठे दुखायला लागले. मेहुणा म्हणत होता, एका बोटासरशी सगळ्यांना जाईल, पण मेहुण्याचं ऐकायचं त्यांनी आता बंद केलं होतं.

उत्तरं यायला लागली. नव्वदएक जणांनी पैसे परत मागितले आणि त्यांचे परत गेले. काहींना त्यांच्या तब्येतीचाच राग आला होता. एकाने लिहिलं, ‘म्हणजे तुम्हाला काहीच झालं नाही? निदान ताप तरी?’ एका बाईंनी विचारलं, झाकणं कुठल्या मापाची घेताय, आमच्याकडेही नाहीत. आणि एका माणसाने लिहिलं, ‘माझा भाऊ याच आजाराने गेला. तेव्हा मी दवाखान्यात भरपूर पैसे भरले. झाकणाला कोणी मागितले नव्हते. परत नकोत.’ अनुस्वाररावांनी हा संदेश दोनदा वाचला. त्यात एक अनुस्वार राहिला होता हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, बायकोने दाखवलं तेव्हा कळलं.

रक्ताचा अहवाल आला, निर्दोष. तो आणि डॉक्टरांचा दाखला त्यांनी संकेतस्थळाला पाठवला. सोळा दिवसांनी त्या गोड मुलीचा फोन आला. वरिष्ठांनी मार्ग काढला होता. त्यांची नोंद ‘बरे झाले’मध्ये केली होती. उरलेले पैसे मिळाले, अभिनंदन, आणि काळजी घ्या, सर.

उरलेल्या पैशांत अकरा झाकणं आली. आठ कमी पडत होती. अनुस्वारराव कोणाकडे मागायला जाणार नव्हते. झाला तेवढा मानभंग त्यांच्या आयुष्याला पुरेसा होता. पण शिलाईवाल्या काकू स्वतःहून वर आल्या.

“ती जाळी आणा इकडे, त्या फोटोतली,” त्या म्हणाल्या. “मागच्या वर्षी माझाही नंबर लागला होता त्या अकरांत. मला तर एकही किवी आली नाही कोणाची.”

त्यांनी दुहेरी जाळीच्या आठ टोप्या शिवल्या, खाली इलास्टिक घालून. अकरा झाकणं आणि आठ टोप्या चढवायला रविवारी अनुस्वारराव, त्यांची बायको, काकू आणि मेहुणा असे चौघं गच्चीवर गेले. तासाभराने विमावाले आले. नुसतं बघायला आलोय म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत शिडी धरून उभे राहिले. तिसऱ्या इमारतीतलं ते कुंड्यांखालचं झाकणही कोणीतरी मुकाट्याने आणून ठेवलं. त्यावर मातीचे गोल डाग होते.

मग डासांचा हंगाम आला आणि गेला. दर शनिवारी अनुस्वारराव आणि त्यांची बायको टाक्या बघून येत. त्या वर्षी वसाहतीत एकालाही डेंग्यू झाला नाही.

वार्षिक सभेत अध्यक्षांनी अहवाल वाचला. फाटकाचा रंग, जिन्यातले दिवे, मग पाण्याच्या टाक्या. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “तो जो काही गाजावाजा झाला, त्यातून शिकण्यासारखं एवढंच, की लोक उगाच घाबरतात. यंदा बघा, डास मुळी नव्हतेच. झाकणं लावली काय आणि न लावली काय.”

“खरं आहे,” मागून कोणीतरी म्हणालं. “हवाच वेगळी होती यंदा.”

अनुस्वारराव ताडकन उभे राहिले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आकडे होते. शेजारच्या वसाहतीत चौदा जण आजारी पडल्याची नोंद होती, दवाखान्याच्या शिक्क्यासकट. तळटीपही तयार होती. सभेतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या, आणि काही चेहऱ्यांवर ते जुनं हसू यायच्या बेतात होतं.

त्यांनी शेजारी बघितलं. बायकोचं सभेकडे लक्षच नव्हतं. काकूंच्या कानाशी लागून ती कुठल्याशा झग्याच्या बाह्या आखूड झाल्याची तक्रार करत होती, हातवारे करून, चांगली तोंड भरून. काकू तितक्याच तावातावाने तिला खोडून काढत होत्या. अकरांतल्या दोघी तिथे बसून बाह्यांवरून भांडत होत्या.

“बोला,” अध्यक्ष म्हणाले. “काही हरकत आहे?”

“नाही,” अनुस्वारराव म्हणाले. “डास नव्हतेच.” आणि ते खाली बसले.

सभा संपून दोघं घरी निघाले. जिन्यात बायको पुढे आणि ते मागे. मागच्या वर्षी दवाखान्यातून आल्यावर पहिले दोन महिने ती प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबायची, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तेही पायातल्या चपलेत काहीतरी अडकल्याचं निमित्त करून थांबायचे. आज ती बाह्यांचं बोलत बोलत तीन मजले कधी चढून गेली ते तिलाही कळलं नसेल. दुसऱ्या मजल्यावर अनुस्वाररावांचाच दम संपला. ते कठड्याला धरून उभे राहिले.

“काय झालं?” वरून तिचा आवाज आला. “थांबलात का?”

“काही नाही,” ते खालून धापा टाकत म्हणाले. “चप्पल.”